शनीचं पान

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो, त्या क्लासनं एका वर्षी ग्रहांचं कॅलेंडर छापलं. कल्पना माझीच होती. दर महिन्याला एक ग्रह, उरलेल्या पानांवर सूर्य, चंद्र, धूमकेतू असं काहीबाही. दरवर्षी पहिल्या आलेल्या पोरांचे तेच ते पेढा भरवतानाचे फोटो छापण्यापेक्षा हे बरं, असं मी मालकांना पटवलं होतं. चूक एवढीच झाली की शनी मे महिन्याच्या पानावर आला. मे म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा महिना.

कॅलेंडर वाटल्याला आठवडाही झाला नसेल, शिरूर अनंतपाळकडचे एक पालक गुंडाळी हातात घेऊन ऑफिसात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, लेकरू दोन वर्षं झालं रूमवर राहून रट्टा मारायलंय, अन् तुम्ही परीक्षेच्या महिन्यात शनी टांगायलाव?"

"अहो, तो ग्रह आहे," मी म्हणालो.

"मग मी काय म्हणायलो? ग्रहच म्हणायलो ना!"

ऑफिसातले सगळे हसले. मालक हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी काही फोन आले आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या कॅलेंडरांचं मेचं पान फाडण्यात आलं. ऑफिसच्या कोपऱ्यात शनींचा ढीग पडला. त्यातला एक मी घरी आणला. बायकोनं पान उलगडून बराच वेळ पाहिलं. "किती देखणा आहे हो," ती म्हणाली, आणि गुंडाळून कपाटामागं ठेवून दिलं. आमच्याही घरात बारावीचं लेकरू होतं.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती भूकंपातल्या एका गावाची. गणपती विसर्जनाच्या त्या रात्री ती आणि तिचे वडील, आण्णा, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीत झोपायला गेले होते. घरात आई आणि धाकटा भाऊ होता. ते दोघं राहिले नाहीत. ती तेव्हा पाचवी-सहावीत असेल. एवढं सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे नातं जुळवतानाही हे सांगितलं गेलं होतं, जसं शिक्षण आणि उंची सांगतात तसं. मी नांदेडचा. त्या पहाटे आमच्याकडे फक्त मांडणीवरची भांडी वाजली होती.

पण एक गोष्ट तिनं फक्त मला सांगितली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. भूकंपानंतर ते दोघं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. बाहेर चिखल होता. मदतीचे ट्रक यायचे आणि कपड्यांचे ढीग ओतून जायचे. त्या ढिगात तिला एक फ्रॉक सापडला. शहरातल्या कुठल्या मुलीचा, झालरीचा, मोठ्या घेराचा. असा फ्रॉक तिनं कधी अंगावर घातला नव्हता. शेडमध्ये जाऊन तिनं तो घातला आणि गिरकी घेतली. घेर फुलला. तेवढ्यात वडील दारात आले. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, बाहेर निघून गेले.

"आई जाऊन महिना नव्हता झाला," ती मला म्हणाली होती, "आणि मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. आण्णांनी तो पाहिला."

एवढंच. पुन्हा हा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटायचं, मी तो जपून ठेवला आहे.

नांदेडला आमचं एक लिहिणाऱ्यांचं मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी जमतो. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. त्यांची रीत ठरलेली. भिंतीवरच्या खिळ्याला एक चित्र लटकवायचं, जो खोलीत असेल त्यानं तासाभरात त्यावर कथा नाहीतर कविता लिहायची. नुसतं बघायला बसायला परवानगी नाही. कागदावर नाव घालायचं नाही. मग सगळे कागद भाजीच्या कापडी पिशवीत टाकायचे, हलवायचे, आणि प्रत्येकानं एकेक काढून मोठ्यानं वाचायचा. आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खोट कळते, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. वाचून झालं की कुणाचं ते ओळखायचं, आणि ज्याचं असेल त्यानं हात वर करायचा.

त्या महिन्यात चित्र आणायची पाळी माझी होती. मी कपाटामागचा शनी काढला.

माझी आई नांदेडला माझ्या भावाकडं असते. बायको तिला भेटायला म्हणून त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. जेवताना तिनं विचारलं, "शनीच्या त्या कड्या कशाच्या असतात हो?" मी क्लासमध्ये सांगतो तसं सांगितलं, की बर्फाचे आणि दगडाचे तुकडे असतात, एखादा चंद्र फार जवळ गेला, फुटला, आणि त्याचेच तुकडे फिरत राहिले असं एक मत आहे. ती नुसतं "बरं" म्हणाली. मग आई झोपली म्हणून ती माझ्याबरोबर मंडळात आली. पहिल्यांदाच.

मुख्याध्यापकांनी चित्र खिळ्याला लावलं. "लातूरवाल्यांनी हाकललेला शनी आमच्या गळ्यात का?" ते म्हणाले. सगळे हसले आणि लिहायला बसले.

मी चित्राकडं पाहिलं. तो गोळा, त्याच्याभोवती तिरका, पसरलेला, पातळ घेर. मला लगेच गिरकी घेणारी मुलगी दिसली. मी ठरवून काही केलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण हात थांबवायला एक तास होता आणि मी थांबवला नाही. उलट किती दिवसांनी असं सुचतंय म्हणून मी खूष होतो. बायको माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली होती आणि पेनाचं टोपण दातात धरून विचार करत होती. तिच्याकडं पाहून मला काहीच वाटलं नाही. हे मला अजून समजत नाही.

कथा पानभराची होती. एका ग्रहावर सगळं कोसळतं, आकाशातून कपडे पडतात, एक मुलगी त्यातला पिवळा फ्रॉक उचलते. शेवट असा होता: "वडील दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, बाहेर गेले. मुलगी अजून थांबलेली नाही. ती थांबली तर घेर खाली येईल, आणि सगळ्यांना कळेल की ती आनंदात होती."

पिशवी फिरली. बायकोनं कागद काढला, उघडला, आणि मला माझं अक्षर दिसलं.

तिलाही पहिल्या ओळीतच दिसलं असणार. वीस वर्षं ती माझ्या अक्षरातल्या सामानाच्या चिठ्ठ्या वाचते आहे. तरी तिनं वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचतात तसा स्वच्छ आवाज. वडील दारात येतात त्या वाक्याशी ती थांबली. कागद उलटा करून मागं पाहिलं. मागं काही नव्हतं. मग पुन्हा सुलटा करून तिनं शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

मग एक बाई, त्या बँकेत आहेत, डोळे पुसत म्हणाल्या, "भोगलेल्या माणसानं लिहिलंय हे."

"कुणाचं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मी हात वर केला.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही तिकडचे का, भूकंपातले?"

"नाही," मी म्हणालो. "ऐकलेलं."

ऐकलेलं. जणू बसस्टँडवर कुणी बोलत होतं आणि माझ्या कानावर पडलं. बायको माझ्याकडं पाहत होती. रागानं नव्हे. वर्गात एखाद्या पोरानं दुसऱ्याची वही पुढं केली की बघते तशी, आता हा काय बोलतो ते पाहू, अशी.

पुढचे दोन-तीन कागद मला ऐकू आले नाहीत. मग बँकेतल्या बाईंनी एक छोटी कविता वाचली:

*तुझ्याभोवती फिरतंय*
*ते तुझं नाही.*
*फुटलेल्या कुणाचं तरी आहे.*
*तू फक्त*
*सोडत नाहीस.*

"हे तर विज्ञानाचं दिसतंय," मुख्याध्यापक माझ्याकडं बघून म्हणाले. "काय सर, एका बैठकीत दोन-दोन?"

पुन्हा हशा झाला. मी मान हलवली. ज्याचं आहे त्यानं हात वर करा, असं त्यांनी दोनदा म्हटलं. हात वर झाला नाही. नवीन माणूस लाजत असेल म्हणून त्यांनी पुढचा कागद मागवला. जेवताना कड्यांविषयी मी एकाच माणसाला सांगितलं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडं ती पहिलं वाक्य बोलली.

"फ्रॉक पिवळा नव्हता."

मी माफी मागायला लागलो. ती म्हणाली, "इथं नको. लोक आहेत." घरी आल्यावर मी पुन्हा सुरू केलं, तेव्हा म्हणाली, "कथा चांगली आहे. तेच तर." आणि कुकर लावायला गेली.

याच्यावर मी आणखी एक केलं. मंडळ दिवाळीला एक छोटा अंक काढतं. मुख्याध्यापकांचा फोन आला, कथा द्या. मी हो म्हणून टाकलं आणि मग तिला विचारलं. आधी हो, मग विचारणं. माझी बरीचशी कामं अशीच झालेली आहेत.

ती म्हणाली, "छापायचंच असलं तर आधी आण्णांना विचारते. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको."

पुढच्या रविवारी आम्ही तिच्या गावाला गेलो. गाव म्हणजे नवं गाव, भूकंपानंतर बांधलेलं. सरळ रस्ते, सारखी घरं. जुन्या गावाच्या जागी बाभळी आणि दगड. आण्णा ओट्यावर बसले होते. "या पाव्हणं," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. चहा झाल्यावर तिनं त्यांच्या पायाशी बसून विचारलं. मी पाहिलं, तिनं एका हातानं ओट्याची कड घट्ट धरली होती.

"आण्णा, शेडात आपण होतो तवा मी एक फ्राक घातला होता. मोठ्या घेराचा. फिरत होते. तुम्ही दारात आलात."

"कंचा फ्राक गं?"

"ट्रकातला. तुम्ही बघितलं, अन् काहीच न बोलता बाहेर गेलात."

आण्णांनी आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "ट्रक लई यायचे बाई. कपडे तर ढीग. लुगडी, कोट, काय काय." मग म्हणाले, "न्हाई बा. फ्राकाचं काय ध्यानात न्हाई. बाहेर गेलो आसन बिडी वढाया."

आणि हसले. तीही हसली. मग उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. आण्णा मला म्हणाले, "काय झालं हिला?"

मला वाटलं होतं, तिचं ओझं उतरेल. परत येताना जीपमध्ये मी तसं बोललोही. ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाही. मला वाटायचं, ते दोघांना माहीत आहे, आण्णांना आणि मला. मग तुम्हाला सांगितलं. आता आण्णांना माहीतच नाही ते. म्हणजे ते फक्त माझ्याकडं आणि तुमच्याकडं होतं. आणि तुम्ही ते वाटून टाकलं."

मी मुख्याध्यापकांना फोन करून कथा मागं घेतली. ते चिडले. "चांगली कथा मारली तुम्ही," म्हणाले. कारण विचारलं, मी सांगितलं नाही. निदान तेवढं. पण मागं घेतल्यानं काही परत आलं नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलेली आहे ती. बँकेतल्या बाई अजून भेटल्या की विचारतात, "सर, ती गिरकीवाली मुलगी छापली का?"

घरात आम्ही पहिल्यासारखेच आहोत. लेकराला मेडिकलला नंबर लागला, ते गेलं. संध्याकाळी चहाला आम्ही दोघंच असतो. फक्त आता एखादी जुनी गोष्ट सांगण्याआधी ती थांबते आणि म्हणते, "हे लिहायचं नाही." कधी शाळेतली साधी गंमत असते, तरी म्हणते. मी हो म्हणतो. त्या वाक्याशिवाय ती बोलत नाही, आणि ते ऐकताना मला दर वेळी पिशवी फिरताना दिसते.

हे लिहायला घेताना मात्र आधी विचारलं. ती तुरीची डाळ निवडत होती. ताटावरून नजर न काढता म्हणाली, "कशाला आता?"

"तू आहेस त्यात म्हणून लिहीत नाही. मी काय केलं, ते आहे."

ती डाळ निवडत राहिली. ताटाच्या कडेला खड्यांची छोटी रांग झाली. मला वाटलं, आता नाहीच म्हणेल, आणि मी मनात तयारी केली.

"लिहा," ती म्हणाली. "पण फ्रॉक निळा होता. आणि एकच गिरकी नाही घेतली मी. आण्णा गेल्यावर बी घेत होते. लई वेळ." मग तिनं ताट बाजूला सरकवलं. "आता पुढचं लिहायचं नाही," म्हणाली, आणि सांगायला लागली.