कंट्रोलरवर फोडलेला नारय

“नारय कोनं फोडला याच्यावर?”

नारळाचं नाव निघताच अडतीवरचा जो तो दुसरीकडं पाहायला लागला.

“मी विचारून राहिली, नारय कोनं फोडला? आतमधी खोबऱ्याचा तुकडा हाय. कुकवाचा चिखल झाला हाय. पाहा ना, पाहा!”

दीक्षा रामटेकेनं काळा डबा मुकुंदराव भोयरांच्या नाकापुढे धरला. झाकणाचे स्क्रू तिनं तिथंच, अडतीच्या गादीच्या कडेला टेकून, सोडवले होते. आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर लाल गाळ बसला होता आणि त्यातून आंबूस वास येत होता.

“अन् वरून झेंडूचा हार. ज्या भोकातून याले हवा भेटते, नेमका त्याच भोकावर. नवरदेवच केला तुम्ही त्याले.”

“दसरा होता वं,” मुकुंदराव म्हणाले. “काट्याची पूजा केली, मेटाडोरची केली, याचीबी केली. याले दरसाल नुसतं कुकू लावतो, औंदा नारयबी फोडला. पूजा केली तं का गुन्हा केला?”

“मेटाडोरच्या इंजनात वतलं का नारयाचं पानी?”

मागं पोत्यांवर बसलेले हमाल फिस्सकन हसले. मुकुंदरावांनी मान वळवली, तसे हमाल आपापल्या खिशात सुपारी-तंबाखूचा खर्रा शोधायला लागले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. कळमन्याच्या बाजारात सोयाबीनच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. भोयरांच्या अडतीवर काट्यावरचं वजन तारेविना ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जायचं आणि तिथून शेतकऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी पडायची. आज काटा वजन दाखवत होता आणि कॉम्प्युटर नुसता टकमक पाहत होता. छपराखाली टांगलेल्या वायफायच्या पांढऱ्या ताटल्या सगळ्या धडधाकट होत्या. पण ताटल्या म्हणजे बैल. त्यांना हाकणारा धुरकरी म्हणजे हा काळा डबा, कंट्रोलर. कोणाचा फोन कोणत्या ताटलीला बांधायचा, कोणाला आत घ्यायचं, कोणाला हाकलायचं, सगळं हाच ठरवतो. धुरकरी मेला आणि बैल जागच्या जागी उभे राहिले. मुनीम हातानं चिठ्ठ्या लिहीत होता, आणि त्याचं अक्षर कोणाला लागत नव्हतं म्हणून शेतकरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

दीक्षाचा धंदा हाच. दुकानाला, गोदामाला, लॉनला, दवाखान्याला कोणता कंट्रोलर पाहिजे ते पाहायचं, तो बसवायचा आणि मग वर्षभर त्याची नाडी धरून बसायचं. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. पुण्याकडच्या वाचकाला ठाऊक नसेल तर त्यानं आता समजून घ्यावं. तिनं पहिल्यांदा गावी, सावनेरच्या अलीकडे, सांगितलं की मी कंट्रोलरचं काम घेतलं, तर तिची मावशी दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन सक्करदऱ्याच्या खोलीवर हजर. “गहू चांगला दे वं माय, मागच्या खेपीले किडे निंघाले.” मावशीला समजावता समजावता संध्याकाळ झाली. मावशी जाताना म्हणाली ते मात्र खरं होतं, “कंट्रोलच नाई तं मंग लोकं तुले काहून शिव्या देते?”

लोकं शिव्या देत, हे खरं. वायफाय चालू असतं तेव्हा दीक्षा कोणाला आठवत नाही. बंद पडलं की सगळ्यांना तिचा नंबर तोंडपाठ. बाप कोळशाच्या खाणीत होता. पोरीनं पॉलिटेक्निक केलं, एका कंपनीत वायरी ओढायला लागली. तिथं साहेब तिला शिडीवर चढू देईना आणि चढली की खाली उभं राहून जोक मारी. एक दिवस तिनं शिडीवरून पक्कड सोडली. पक्कड साहेबाच्या बुटापासून वीतभर लांब पडली. निसटली की सोडली, ते तिनं आजपावेतो कोणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर तिनं स्वतःचं काम सुरू केलं. तोंडानं फाटकी, कामाला पक्की, अशी तिची ओळख. त्यातलं पहिलं लोक मोठ्यानं सांगत.

“काकाजी, मी म्हणत होतो ना,” अनिश मध्येच बोलला. मुकुंदरावांचा हा पुतण्या पुण्याहून शिकून आला होता. पायात पांढरे बूट, कळमन्याच्या चिखलात. “हा डब्बाच जुना कॉन्सेप्ट आहे. आता सगळं क्लाउडवर असतं. कंट्रोलर इथे नसतोच. तो वर असतो.”

“वर म्हंजे?” मुकुंदरावांनी छताकडं पाहिलं.

“म्हणजे इंटरनेटवर. आकाशात समजा.”

“आकाशात! मंग दसऱ्याले त्याले नारय कसा फोडाचा?”

आता दीक्षालाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. अनिशचं तिला हसू नव्हतं येत. तो चूक बोलत नव्हता, आणि तेच तिच्या डोक्यात जात होतं. तीन वर्षांमागं याच गादीवर तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. वरचा घ्या, तर जागा लागत नाही, जळायची भीती नाही, पण दरसालची पट्टी भरायची आणि भरली नाही तर एक दिवस सगळ्या ताटल्या मुक्या. खालचा घ्या, तर डबा तुमचा, पण जिवासारखा जपायचा. मुकुंदराव तेव्हा म्हणाले होते, “आपला मालक आपल्या डोयासमोर पाहिजे. ज्याचं थोबाड दिसत नाई, त्याचा हुकूम मी काहून ऐकू?” त्यांनी खालचा घेतला आणि गल्लीतल्या दहाबारा अडत्यांनी मुकुंदरावांचं पाहून तोच घेतला. एवढं गिऱ्हाईक एका झटक्यात दीक्षाला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

“काल संध्याकाळीच बंद पडला असन,” ती म्हणाली. “कोनी पाह्यलं नाई?”

“काल सुट्टी होती. अन् पाह्यलं असतं तं तू कुठं होती? तुया फोन तं बंद.”

“दीक्षाभूमीवर होती. काल आमचाबी दिवस होता. लाखानं लोकं, रेंज कुठून भेटन?”

“हं,” मुकुंदराव म्हणाले. त्या ‘हं’मध्ये पुष्कळ काही होतं. दीक्षानं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. कळमन्यात काम करायचं तर एवढं यायलाच लागतं.

“डिक्कीत दुसरा डबा हाय,” ती म्हणाली. “जुन्या सगळ्या सेटिंगा माह्याजवळ हाय. घंट्याभरात चालू करून देतो. फक्त याची जागा बदलाची. देवाच्या फळीवर आता ठेवाचा नाई.”

मुकुंदरावांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज उतरवला. उतरवलेला आवाजही अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा होता.

“आयक. हे नारयाचं सोड. तू कंपनीले सांग, मशीनच खराब निंघाली. कंपनी बदलून देते. तुया हात मोकया, माहा हात मोकया. खतम विषय.”

“अन् लोकायले का सांगू?”

“तेच. मशीन खराब निंघाली.”

दीक्षानं गल्लीकडं पाहिलं. शेजारच्या अडतीचे नानाजी दारात उभे राहून कान टवकारून दात कोरत होते. पलीकडचे दोघं उगाच सोयाबीनची मूठ उचलून वास घेत होते, आणि सोयाबीनला वास घ्यायचं काही कारण नव्हतं. मशीन खराब म्हटलं की संध्याकाळपावेतो ही सगळी गल्ली आपापले डबे उपटून तिच्या दारात आणून टाकणार. सगळ्यांकडं हाच डबा. नारळ म्हटलं की मुकुंदराव तिला या बाजारात उभं राहू देणार नाहीत. एकीकडून नाव जाणार, दुसरीकडून गिऱ्हाईक.

“मशीन खराब नव्हती,” ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

मुकुंदरावांचे कान लाल झाले. “मंग चूक माही का? फळीवर कोनं ठेवला? तूच ठेवला ना वं! म्हणे, इथं ऊन नाई, इथं इन्वर्टरची वायर हाय, इथं उंदीर येत नाई. देवाजवळ ठेवलेल्या वस्तूची पूजा नाई करन तं का लात मारन मानूस?”

दीक्षानं देवाच्या फळीकडं पाहिलं. फळी तिनंच निवडली होती. दसरा येतो हे काय तिला ठाऊक नव्हतं? दरसाल येतो. लहानपणी गावात रॉकेलच्या स्टोव्हपासून मळणीयंत्रापर्यंत सगळ्यांना कुंकू लागलेलं तिनं पाहिलं होतं. तिच्या घरी नव्हतं लागत, एवढंच. म्हणून तिच्या डोक्यात आलं नाही.

“तेवढं माहं चुकलं,” ती म्हणाली. “जागा चुकली. पन डबा चांगला होता, अन् तो पान्यानं मेला. हे दोन्ही मी सांगन.”

“कोनाले सांगशीन?”

“जो विचारन त्याले.”

मुकुंदराव उठले. गादीवरून उठताना त्यांना नेहमी कोणाचा तरी हात लागायचा, आज लागला नाही.

“कंट्रोलच्या तांदयावर वाढलेली पोट्टी मले शिकवते! उचल तुया डबा. अन् तुया त्या ताटल्याबी घेऊन जाजो नंतर. माहा पुतन्या आकाशातून चालवन सगळं.”

मुनीमाचा पेन थांबला. कंट्रोलचा तांदूळ म्हणजे तांदूळ नव्हता, हे त्या गल्लीत सगळ्यांना समजलं, अनिशलाही समजलं. त्यानं मान खाली घालून बुटाचा चिखल पाहिला.

“हो, कंट्रोलचाच खाल्ला,” दीक्षा म्हणाली. “तुमचा हा हमाल आजबी तोच खाते, भाऊ, अन् तुमचं पोतं उचलते. अन् ताटल्या तुमच्या हाय. तुम्ही घेतल्या. मी कोनाच्या वस्तू नेत नाई.”

तिनं झाकण लावलं नाही. उघडा डबा तसाच गादीवर ठेवला, लाल गाळ वर करून, आणि स्क्रू एक एक करून बाजूला मांडले. मग पिशवी खांद्याला लावून उतरली. मागून मुकुंदरावांनी आणखी दोनचार शब्द हासडले. ते छापण्यासारखे नाहीत आणि नवेही नाहीत.

गाडीजवळ येईस्तोवर फोन दोनदा वाजला. गल्लीत बातमी तिच्या पायांपेक्षा जोरात चालली होती. एका अडत्याचा निरोप, ‘आमचा डबा काढून नेजो, आम्हालेबी आकाशातलाच पाह्यजे.’ दुसऱ्याचा, ‘आमच्या डब्याले फक्त हयद लावली हाय, पुसून टाकू का?’ पहिल्याला तिनं ‘बरं’ लिहिलं. दुसऱ्याला लिहिलं, ‘कोरड्या कपड्यानं पुसजा. वला करू नका.’

डिक्की उघडून ती नवा डबा परत आत सारत होती, तेवढ्यात नानाजी आले. भोयरांच्या दारावरून सरळ न येता मागच्या बाजूनं, गोण्यांना वळसा घालून आले. मुकुंदरावांशी त्यांची दुश्मनी जुनी होती, आणि भीती त्याहून जुनी.

“काय वं, आमचाबी देवाखालीच हाय,” ते हळूच म्हणाले. “आमच्याइथं नारय पायरीवर फोडते, म्हनून वाचला. तो हलवून दे. पन दुपारून ये. मुकुंदा जेवाले घरी गेला की.”

“काहून?”

“त्याले दिसाले नाई पाह्यजे. उगाच कटकट. अर्धं शटर पाडू, आत काम कर.”

दीक्षानं डिक्की लावली. सकाळपासूनचं सगळं आता नानाजींवर काढावं असं तिला वाटलं, आणि तिनं थोडं काढलंच.

“शटर पाडून काम करत नाई मी, नानाजी. चोरी करून राहिली का? आता करतो, पुरं शटर उघडं ठेवून करतो, अन् कोनं विचारलं काहून हलवला तं तुम्हीच सांगान, बाजूच्याचा नारयानं मेला म्हनून. जमत नसन तं जसा हाय तसा राहू द्या. पुढच्या दसऱ्याले पायरी सापडली नाई तं मले फोन करू नका.”

नानाजींनी भोयरांच्या अडतीकडं पाहिलं. तिथं अनिश खुर्चीवर चढून पांढऱ्या ताटलीकडं फोन रोखून उभा होता आणि खालून मुकुंदराव त्याच्यावर ओरडत होते. चिठ्ठीसाठी भांडणारे शेतकरी आता काउंटरच्या आत शिरले होते. त्यातला एकजण गाडीवानाला हाक मारून विचारत होता, नानाजीच्या काट्यावर मशीनची चिठ्ठी भेटते का म्हणून. नानाजींच्या चेहऱ्यावर हिशेब सरकला तो लपला नाही.

“लय फाटक्या तोंडाची हायेस,” ते म्हणाले.

“हो. शिडी कुठं हाय?”

“मागं. पन हलते ती.”

“मंग धरून ठेवा.”

“मी? माह्या घरी मानसं हाय धराले!”

“तुमच्या मानसायले काटा पाहू द्या. आता गाड्या इकडंच येऊन राहिल्या.”

नानाजी पुटपुटत शिडी ओढत आले. दीक्षानं त्यांच्या अडतीच्या भिंतीवर बोटानं जागा ठोकून पाहिली, देवापासून लांब, खिडकीपासून लांब, कोणाचा हात सहज पोचणार नाही इतकी वर. तिनं पदर कमरेला खोचला, पेन्सिलीनं दोन फुल्या मारल्या आणि शिडी चढली. खाली नानाजी शिडी धरून उभे होते, आणि धरल्याचा राग शिडी हलवून काढत होते.

“हलवू नका,” ती वरून ओरडली, आणि ड्रिल भिंतीला लावलं.