सुभद्रा सासरी जाते: कोरीटची एक वारंवार होणारी पाठवणी

नातीने हा ब्लॉग उघडून दिला आणि म्हणाली, आजोबा, तुमच्या प्रवासांबद्दल लिहा. लोक हिमालयाबद्दल लिहितात. मी कोरीटबद्दल लिहिणार आहे. एका रेकॉर्डची बाजू राखायला मी तिथे गेलो होतो.

साठ सालानंतरचे दिवस. मी नाशकात नोकरीला होतो आणि घरी फोनो होता, त्यामुळे ऑफिसात संगीतातला जाणकार मीच. माझी लाडकी रेकॉर्ड खानदेशातल्या एका म्हाताऱ्या लोकगायकाची होती, झिपरू आबांची. कंपनीने त्यांना मुंबईला नेऊन एकच गाणं भरून घेतलं होतं: ‘सुभद्रा बाई, मांडव मागे राहिला आहे’. तीन मिनिटांत संपायचं, तेही अर्ध्या ओळीत, शेवटचा शब्द हवेत लटकवून. मी त्यावर ऑफिसात व्याख्यान दिलं होतं की ही महाभारतातली सुभद्रा, हे सुभद्राहरण, आणि लटकता शब्द म्हणजे रथाचा वेग. ऐकणाऱ्यांपैकी हिरामण नावाचा कारकून खाली मान घालून हसला. तो कोरीटचा, आबांचा सख्खा पुतण्या.

तो म्हणाला, “आमच्याकडे आबांना समोर बसून ऐकतात. रेकॉर्ड म्हणजे काय, लोणच्याची बरणी.” मी म्हणालो, समोरचं गाणं म्हणजे खोकला, चुका आणि मध्येच चहा. रेकॉर्ड तेवढी शुद्ध. हिरामण म्हणाला, माघात आबांच्या नातीचं लग्न आहे, चला आणि बघा. बायको इंदू म्हणाली, “जा. पण तिथे व्याख्यान देऊ नका.”

कसं जायचं ते सांगतो. नाशिकरोडहून जळगाव, तिथून सुरतेची पॅसेंजर. अमळनेर, दोंडाईचा करत ती इतक्या निवांत जाते की खाली उतरून दोन पावलं चालून परत चढावंसं वाटतं. नंदुरबारला उतरायचं. तेव्हा नंदुरबार धुळ्याचा एक तालुका होता, पण मिरचीच्या बाबतीत कोणाच्या हाताखाली नव्हता. गावाबाहेर पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, नजर जाईल तिथवर लाल रंग पसरलेला. दिसायला फार सुंदर. पण वारा आपल्याकडे वळला की सौंदर्य डोळ्यांतून वाहायला लागतं. कोरीटला जाणाऱ्या बैलगाडीत मी रुमाल तोंडाला धरून बसलो होतो. गाडीवाल्याने विचारलं, “पाव्हना, कोन वारनं?” मी सांगितलं, कोणी वारलं नाही, मी लग्नाला आलोय.

कापूस वेचून झालेली शेतं, मध्येच केळीचा हिरवा पट्टा, आणि मग गाव. मांडवाच्या खांबाला दोन कर्णे बांधलेले होते. ते नवरदेवाकडच्यांनी आणलेले. ज्या लग्नात कर्णा नाही ते लग्न गरिबाचं, असा नुकताच दंडक पडला होता. कर्ण्यांखाली फोनो मांडून कर्णेवाला बसला होता, आणि कर्ण्यातून माझीच रेकॉर्ड वाजत होती. मला घरच्यासारखं वाटलं.

जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी होती. बट्टी कशी खायची ते इथे सांगून ठेवतो: ती चुरायची, वर वरण, वर तूप, आणि पोट भरलं हे कोणालाही सांगायचं नाही, उपयोग नसतो. पंगतीत तूप वाढत एक बाई आल्या. हिरामणने ओळख करून दिली, “ही आबांची मुलगी, नवरीची आई. सुभद्रा.”

माझा घास तोंडातच राहिला. सुभद्राहरण तुपाची वाटी घेऊन समोर उभं होतं.

हिरामणने उलगडून सांगितलं. हे पाठवणीचं गाणं. ज्या मुलीची पाठवणी तिचं नाव त्यात घालायचं, इतकी साधी गोष्ट. मुंबईत कंपनीच्या साहेबाने विचारलं, मुलीचं नाव काय? आबांना वाटलं, चौकशी करतोय. त्यांनी आपल्या मुलीचं सांगितलं. तेच रेकॉर्डच्या तव्यात छापलं गेलं, आणि आता तापीकाठच्या प्रत्येक लग्नात नवरी कोणीही असो, सासरी जाते सुभद्रा.

“मी कितला येळा सासरले जाऊ, तुम्हीच सांगा,” सुभद्राबाई म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी तूप ओतलं. मग बाजूला बघून म्हणाल्या, यमुनेला, म्हणजे आजच्या नवरीला, लहानपणापासून याचं वाईट वाटायचं. तिने आजोबांना विचारलं होतं, गानामा मन्हं नाव कव्हय येई? आबांनी सांगितलं होतं, तुन्हा लगनले. पण नवरदेवाकडच्यांचा हट्ट होता की पाठवणीला रेकॉर्डच वाजणार. एवढा गाजलेला आवाज असताना म्हाताऱ्याला कशाला त्रास?

म्हातारा स्वतः ओट्यावर बसून खोकत होता. मी जाणकार म्हणून पुढे सरसावलो. रेकॉर्डवर तुम्ही ‘आहे’ का म्हणता? आबा म्हणाले, “सायेब बोलना, पुनाले ‘शे’ समजस नही.” आणि अर्ध्या ओळीत का थांबता? “सायेबनी हात वर करा, मंग मी थांबनू.”

माझा रथ गेला.

“मग खरी शेवटची ओळ कोणती?”

“शेवट कसाना? गाडी शिवना भायेर गई, का गानं सरनं.” म्हणजे मांडवापासून गावाच्या शिवेपर्यंत गाडीमागे चालत गायचं. बैल हळू तर गाणं लांब. मी विचारलं, मग आज गाणार ना? त्यांनी कर्ण्याकडे बोट केलं. “तठे आवाज जवान शे. मन्हाकडे खोकला शे. त्यानामव्हरे कसा गाऊ?”

स्वतःच्याच आवाजाला घाबरलेला गायक मी पहिल्यांदा पाहिला. आणि मनातल्या मनात मला ते पटलंही, कारण मी रेकॉर्डचा माणूस.

ऊन उतरलं. नवरदेवाकडच्यांना अंधाराआधी तापी ओलांडायची घाई. गाडी जुंपली, कर्णेवाल्याने सुई ठेवली. तीन मिनिटं सुभद्रा सासरी गेली. सुभद्राबाई तिथेच उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून, आपलंच नाव ऐकत. शब्द हवेत लटकला तशी सगळी मंडळी उठली. गाणं तिथेच संपतं हे आता लहान पोरांनाही पाठ होतं. “चला, गानं झायं,” नवरदेवाचा मामा म्हणाला.

यमुना जागची हलली नाही. नवरीने बोलायचं नसतं, म्हणून ती हळूच बोलली. पण मांडव इतका गप्प झाला की सगळ्यांना ऐकू गेलं.

“आबा गानं म्हनतीन, तव्हयच मी गाडीमा बठसू.”

मामाने मिशीवरून हात फिरवला. सुभद्राबाईंनी कोणाकडे न बघता आबांच्या हातात काठी दिली. आबा उठले, खाकरले.

“यमुना बाई, मांडव मांगे ऱ्हायना शे.”

पट्टी चुकली होती. “आबा, रेकॉरमा आसं नही शे,” कर्णेवाला कळवळून म्हणाला. आबांनी ऐकलं नाही, आणि यमुना गाडीत बसली. आम्ही सगळे मागून निघालो. आबा गात होते, खोकत होते, गाणं थांबवून गाडीवाल्याला खड्डा दाखवत होते, आणि पुढच्या ओळीत तो खड्डाही घालत होते. बैलांची नावं आली, विहीर आली, लहानपणी यमुना जिच्यावरून पडली ती चिंच आली. मी हिरामणला सांगितलेल्या सगळ्या चुका त्यात होत्या. मी ऑफिसचे बूट घालून धुळीत चालत होतो आणि रडत होतो. वारा पथारीकडून येत नव्हता, त्यामुळे मिरचीवर ढकलायचीही सोय नव्हती.

गाडीने शीव ओलांडली आणि आबा थांबले. नेमके अर्ध्या ओळीत, शब्द हवेत ठेवून. मागे कर्णेवाला समाधानाने म्हणाला, “आते बरोबर झायं.”

परत येताना पॅसेंजर तेवढीच निवांत होती. हिरामणने काही विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाला ते परवडतं.

घरी इंदूला सगळं सांगितलं. तिच्या पाठवणीला काय वाजलं होतं, विचारलं. बँड होता, म्हणाली, सिनेमातलं काहीतरी. मी रेकॉर्ड लावली. आवाज अगदी स्वच्छ, एक खोकला नाही. सुभद्रा पुन्हा निघाली. तशी इंदू भाजी निवडता निवडता रेकॉर्डबरोबर म्हणू लागली, पण सुभद्रेच्या जागी स्वतःचं नाव घालून. ‘इंदू’ चालीत बसेना, म्हणून तिने ‘इंदुमती’ घातलं. त्या नावाने तिला शाळेच्या दाखल्याबाहेर कोणी हाक मारली नव्हती, मीसुद्धा.

तीन मिनिटं झाली. रेकॉर्ड नेहमीच्या जागी थांबली. इंदू थांबली नाही.