मंठाळची शेवटची विद्यार्थिनी

अक्कांची शाळा बंद पडायला आलीय असं कळलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमचे हे गुलबर्ग्याहून निघालो. मला बाराखडी अक्कांनीच शिकवली; आता मी गुलबर्ग्यात मुलींच्या शाळेत शिकवते. आमच्या संस्थानात सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. मुलींना घरच्या भाषेत शिकवावं, आणि सगळ्या जातींच्या मुली एकाच सतरंजीवर बसाव्यात, हा अक्कांचा हट्ट. त्यापायी या विधवा बाईनं मंठाळात स्वतःच्या घरातच शाळा काढली होती.

हुमनाबादपर्यंत सर्व्हिस मोटार मिळते. धूळ फार, तोंडाला फडकं हवंच. तिथंच भाकरी नि शेंगांची चटणी खाऊन घ्या, पुढं कल्याणीपर्यंत काही मिळत नाही. कल्याणीहून बैलगाडी. गाडीवाल्याला अक्कांचं घर विचारलं.

"कामून जायलाव तिकडं? आता कोनी जात न्हाई."

शाळेत एकच मुलगी होती, मांगवाड्यातली लच्छमी. ती सतरंजीवर बसायला लागली तशा बाकीच्या मुली घरच्यांनी काढून घेतल्या. पाटलांचा निरोप होता, हिला ओट्याखाली बसवा, सगळ्या परत येतील.

"बसवायची होती थोडे दिवस," आमचे हे म्हणाले.

"मग बाकीच्यांना मी शिकवायचं तरी काय, बाबा?" अक्का म्हणाल्या.

सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "लच्छमीला घेऊन जा. तुझ्या शाळेत घाल. हिच्या बापाला कोनी कामावर घेईना झालंय."

"आणि तुमची शाळा?"

त्यांनी लच्छमीची पाटी पुसून माझ्या हातात दिली.

लच्छमीची आई आली. पोरीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "जा माय. हितं ऱ्हाऊन गवऱ्याच थापशील."

परतीला मोटारीत पोरीला उलट्या झाल्या. लहान मूल सोबत असेल तर लिंबू जवळ ठेवा.

लच्छमी आता आमच्याकडेच असते. शेजारणी आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. शाळेत ती इतर मुलींत बसते, डबा मात्र एकटीच खाते. परवा अंगणात मोठ्यानं वाचता वाचता थांबली.

"बाई, अक्काला आता कोन वाचून दाखवायलंय?"

"त्या स्वतः वाचतील की."

"न्हाई. अक्काला अक्षर दिसत न्हाई. मीच वाचायचे रोज."

पोर माझ्या हवाली करताना अक्कांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

तुम्ही कधी मंठाळला गेलात तर एखादं मराठी पुस्तक बरोबर न्या. घाईनं निघू नका. अक्कांपाशी बसून थोडं वाचून दाखवा.