दोन मिलिमीटर कमी

पुलाजवळच्या गल्लीत मावशीचं शिवणकामाचं दुकान. भाचा मावशी म्हणायचा, म्हणून सगळं गावच म्हणायला लागलं. रोज आठच्या ठोक्याला दुकान उघडणं, कोट उसवणं, बाह्या आखूड करणं यात पस्तीस वर्षं गेली. खिडकीतून नदी दिसायची, पण तिने पाण्यात पाऊल कधी घातलं नव्हतं.

त्या वर्षी गावात फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे धरण्याची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. भाचा गावातल्या मासेमारी क्लबाचा चिटणीस. तो धापा टाकत आला.

"मावशी, पंच कमी पडलेत. मासा मोजायचा, लिहायचा, सोडून द्यायचा. मोजण्यात तुझा हात कोण धरणार?"

"आणि हातातून निसटला तर?"

"ओरडू नकोस. बाकीचे पळतील!"

पहिल्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की तिच्या वाट्याला आलेला परदेशी म्हातारा स्पर्धक कमरेपर्यंत ढगातच उभा वाटत होता. त्याने डबी उघडून दाखवली. पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या माश्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. एवढी बारीक गुंडाळी आपल्याला जमली नसती, हे तिने मनोमन कबूल केलं. मग दोरी हवेत लांबच लांब वळसे घेत गेली आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. तीन तास कुठे गेले, तिला कळलंच नाही.

"एवढ्या लांबून येऊन मासा सोडूनच द्यायचा?" तिने जेवताना विचारलं.

"त्यातच तर मजा!" भाचा म्हणाला. "पूर्वी हा एकेकट्याचा छंद होता. मग मोजके देश जमले, नियम ठरले. प्रत्येकाला नदीचा एक तुकडा आणि ठरावीक वेळ. आता बघ, किती झेंडे लागलेत."

शेवटच्या दिवशी तिच्याकडे आपल्याच देशाच्या संघातली, गावच्या पोस्टात काम करणारी मुलगी आली. वेळ संपता संपता तिला मासा लागला. मावशीने तो मोजपट्टीच्या पन्हाळीत ठेवला. मासा हिशेबात धरायला निदान वीस सेंटिमीटर हवे होते.

"मावशी, शेपटी जरा ओढून बघा ना."

मावशीने पुन्हा मोजलं. "नाही गं बाळ. दोन मिलिमीटर कमी आहे."

मुलीने ओठ चावला, मासा ओंजळीत धरून पाण्यात सोडला. त्या एका माशाने पदक हुकलं, संघ चौथा आला. भाचा आठवडाभर फुगून बसला होता.

मग एके दिवशी मुलगीच दुकानात आली. "शेपटी ओढा म्हणाले, त्याची लाज वाटत होती. म्हणून आले नाही इतके दिवस. उद्या पाण्यात येता का? मी शिकवते."

मावशी गेली. गुडघ्यांपर्यंत गार पाणी, तळव्यांखाली हलणारे गोटे, डोक्यावरून सळसळत जाणारी दोरी. ती थेट झाडातच अडकली. दोघी हसत सुटल्या. मासा काही मिळाला नाही.

त्या दिवशी दुकान अकरा वाजता उघडलं.