टायटॅनोसॉरसचं डोकं

नव्वदच्या दशकात सुरतजवळच्या भेस्तानमधल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचो. प्रदर्शनासाठी एका मुलीने धाग्याच्या रिकाम्या बॉबिन ओवून टायटॅनोसॉरस हा डायनोसॉर केला. लूमवर काम करणाऱ्या तिच्या वडिलांनी त्याला लाकडी डोकं कोरून दिलं. परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले, तेव्हा मला आठवलं. ही प्रजाती शेपटीच्या मोजक्या मणक्यांवरून ठरवलेली. तिचं डोकं कुणाला सापडलेलंच नव्हतं. मी ते वर्गात सांगितलं नव्हतं. आता तिच्या कानात सांगितलं. तिने डोकं उपटून खाली ठेवलं.

“डोकं कुठंय?” परीक्षकांनी विचारलं.

“अजून सापडलं नाही, सर.”

ते खूश होऊन पुढे गेले. वडील मागेच उभे होते. डोकं उचलून रिकाम्या मानेवर धरत मला अहिराणीत म्हणाले, “सापडनं ते सांगजा, सर. मी परत बसाडी दिसू.”