अमेरिकेला गेलेली मुलगी

"हा आजार आहे. तिचा स्वभाव नाही, नाटक नाही आणि तुमच्या संस्कारांचा दोषही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "याला सायकोसिस म्हणतात."

सायकोसिस म्हणजे मनाची अशी अवस्था, की जे घडत नाही ते माणसाला ऐकू येतं, दिसतं आणि ते खरंच आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावून सांगितलं. माझी मुलगी संघमित्रा, आमची मित्रा, शेजारच्या खुर्चीवर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिचे पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, कागदावर नाव दुसरं घालता येईल का?"

बरी होईल का, असं नाही विचारलं. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, हे मुलांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी पोरीचं नाव खोडायला निघाले होते.

"नाव तिचंच राहील," डॉक्टर म्हणाल्या. "औषध तिलाच लागू पडायचंय."

ज्यांच्या घरात वयात आलेलं मूल अचानक गप्प झालं आहे, झोपत नाही, जेवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्याकडून काय शिकायचं असेल तर काय करू नये हे शिका. त्यात माझा हात धरणारं कुणी सापडणार नाही.

मित्रा हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. अमेरिकेतल्या लोकांच्या वेळेप्रमाणे काम, कंपनीची गाडी न्यायला यायची. आमच्या सोसायटीतली बहुतेक कुटुंबं बौद्ध, कुणी सरकारी खात्यात, कुणी कारखान्यात. विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकलेली आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली ही पहिली मुलगी. रविवारी वंदना झाली की लहान मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "असं व्हायचं." मी शेजारी उभी राहून नम्रपणे खाली बघायचे. नम्रपणा कसला, फुगले होते मी.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, "आई, टीममधले माझ्याबद्दल बोलतात. कोट्यातून आलीय म्हणतात."

माझा ताबडतोब विश्वास बसला. का बसणार नाही? शिक्षकांच्या खोलीत मी हेच ऐकत आले, तिच्या पप्पांनी ऑफिसात हेच ऐकलं. आमच्या घरात हे वाक्य म्हणजे आजाराचं लक्षण नव्हतं, रोजचं हवामान होतं. मी माझ्या आईकडून मिळालेलं उत्तर तिला दिलं, "दुर्लक्ष कर. आपण कामानं उत्तर द्यायचं."

ती कामानं उत्तर देत राहिली. मग म्हणाली, हेडफोनची वायर काढून ठेवली तरी ते बोलतात. मी म्हटलं, दमली आहेस. मग तिनं मोबाइलची बॅटरी काढून डब्यात ठेवली. मग जेवण सोडलं. पंख्यातून आवाज येतो म्हणून ऐन उकाड्यात पंखा बंद करून बसायला लागली, तेव्हा कुठे माझं धाबं दणाणलं.

नसलेले आवाज ऐकू येणं याला हॅल्युसिनेशन म्हणतात. लोक माझ्या वाईटावर आहेत अशी काही केल्या न ढळणारी समजूत, ते डिल्यूजन. हे मला नंतर कळलं. मी डॉक्टरांना हट्टानं विचारलं, "पण कोट्याचं बोलणं खरं असेल तर?"

"असूही शकेल. खरं बोचतं, आणि आजार मग त्याच धाग्यानं पुढचं विणत जातो," त्या म्हणाल्या. "काय खरं ते ठरवायची घाई करू नका. झोप उडाली, जेवण सुटलं, तेव्हाच यायला हवं होतं."

आमच्या घरात कधी दृष्ट काढली नाही, कुणी देवऋष्याकडे गेलं नाही. आम्ही विज्ञान मानतो, हे चारचौघांत ठासून सांगायचो. पण ते विज्ञान ताप-खोकल्यापुरतंच होतं हे मला नारायण पेठेतल्या डॉक्टरांच्या जिन्यात कळलं. डॉक्टर नारायण पेठेतल्याच का? कारण तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. आमच्या हडपसरहून बसनं मंडईपाशी उतरायचं, तिथून चालत. येताना मंडईतून भाजी घ्यायची, म्हणजे कुणी विचारलं तर हातात पुरावा. त्या दिवसांत आमच्या घरी इतकी मेथी झाली की तिचे पप्पा म्हणाले, "अगं, निदान पालक तरी आण."

मित्राला ओळख लपवायला काही करावं लागलं नाही. पुण्यात मुलीनं डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधलं तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही. धुळीसाठी बांधतात. मी पोरीच्या तोंडाला तो दर वेळी घट्ट बांधून द्यायचे, आणि माझ्या मनात धुळीचा विचार नसायचा.

पुढे तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथल्या बाकावर बसून मी शिकले ते एवढंच, की वॉर्डाबाहेर सगळे नातेवाईक एकमेकांकडे न बघता बसतात. गोळ्या सुरू झाल्या. रक्ताच्या, थायरॉइडच्या तपासण्या झाल्या, कारण शरीराच्या बिघाडानंही असं होऊ शकतं. सगळं ठीक निघालं. मी खट्टू झाले. थायरॉइड निघालं असतं तर सांगता आलं असतं.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात गायकवाड मामा भेटले. कारखान्यातून निवृत्त झालेले, विहाराचे चिटणीस, सगळ्यांचेच मामा. "जय भीम, ताई. मित्रा दिसली नाही बरेच दिवस?"

"ऑनसाइट गेली," मी म्हटलं. "अमेरिकेला."

ऑनसाइट म्हणजे कंपनीनं कामासाठी परदेशी पाठवणं. तेव्हा आमच्या भागात हा शब्द सत्यनारायणाच्या प्रसादासारखा वाटला जात होता, कुणाच्या ना कुणाच्या घरी ऐकू यायचाच. तो माझ्या तोंडून सहज निघून गेला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपली पोरगी अमेरिकेला!" म्हणाले आणि कुठल्या गावी म्हणून विचारलं. "न्यू जर्सी," मी म्हटलं. तिथंच गप्प बसता आलं असतं. पण गणिताच्या बाईला उत्तर अर्धवट सोडायची सवय नाही.

मित्रा घरी आली ती स्कार्फ बांधून, अंधार पडल्यावर. आवाज कमी झाले होते. ती जेवत होती, झोपत होती, माझ्याकडे बघून बोलत होती. डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं, "गोळी चुकवायची नाही. आणि गोळीइतकंच महत्त्वाचं, सकाळी ऊन, चालणं, माणसं. कोंडून ठेवू नका."

मी मान डोलावली. घरी येऊन खिडक्यांना पडदे लावले.

कारण ती अमेरिकेत होती ना. अमेरिकेतली मुलगी गॅलरीत कशी उभी राहणार? तिचे कुडते दोरीवर कसे वाळणार? मी तिचे कपडे बाथरूममध्ये वाळत घालायचे आणि त्यांना कुबट वास यायचा. बेल वाजली की ती आपणहून आतल्या खोलीत जायची. मी तिला कधी जा म्हटलं नाही. तिला सांगावं लागत नव्हतं, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या काम करताहेत, पण ही अजून अंधारातच दिसते. बाहेर पडते ना?"

"तिलाच नको असतं," मी म्हटलं. मित्रा शेजारीच बसली होती. तिनं ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

डॉक्टरांनी आम्हाला शनिवारच्या फॅमिली सेशनला यायला सांगितलं. फॅमिली सेशन म्हणजे अशा तरुण मुलामुलींच्या घरच्यांनी एकत्र बसून बोलायचं, आजार समजून घ्यायचा, एकमेकांचं ऐकायचं. मी दाराजवळची खुर्ची पकडली. शेजारी पांढरा सदरा घातलेले एक जमीनदार गृहस्थ होते, त्यांच्या गावाचं पुणं होऊन गेलेलं. "तुमचं कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"भाची," मी म्हटलं. "तुमचं?"

"पुतण्या. लई हुशार हाय."

मग दर शनिवारी ते विचारायचे, "भाची कशी हाय?" आणि मी विचारायचे, "पुतण्या काय म्हणतोय?" जिथं खोटं बोलायची गरज नव्हती, अशी सबंध पुण्यात ती एकच खोली होती. मी तिथंही खोटं बोलले.

जयंतीच्या आधीच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागले. शुभेच्छांचे, वाढदिवसांचे, ज्याला त्याला आपला फोटो चौकात हवा. शाळेतून येताना मी वर बघितलं आणि पाय जागच्या जागी थांबले. मित्रा हसत होती. अभ्यासिकेच्या सत्कारातला जुना फोटो, हातात गुच्छ. खाली मोठ्या अक्षरांत: "विहाराची कन्या कु. संघमित्रा हिचे अमेरिकेला गेल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मामांनी मोठ्या मायेनं लावला होता. आणि लावला होता तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

मी धावत वर गेले. पडदा बाजूला होता. मित्रा खिडकीशी उभी होती. इतक्या महिन्यांचं औषध, झोप, सगळं आता पाण्यात जाणार असं वाटलं. पोरीला पुन्हा तो आवाज ऐकू आला तर तो आवाज माझाच असणार होता.

ती वळली नाही. बाहेर बघतच म्हणाली, "आई, ही परत कधी येणार आहे गं?"

मला कळेना, हे कोण बोलतंय. आजार की माझी मुलगी? मी जवळ जाऊन तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला होता. ती टोमणा मारत होती. माझीच मुलगी, माझ्याच वळणाचा टोमणा, कितीतरी महिन्यांनी. मी तिथंच ओट्याला टेकून रडले. लाजेनं रडले की आनंदानं, ते मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

"तू सांगशील तेव्हा," मी म्हटलं.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "स्कार्फ नको."

सकाळी आम्ही दोघी खाली उतरलो. औषधानं तिचं वजन वाढलं होतं, कुडता काखेत घट्ट होत होता. चौकात मामा दिव्यांच्या माळा सोडवत बसले होते. तिला बघून उठलेच. "अगं, कधी आलीस?"

आणि ऐका, इतकं सगळं होऊनही माझं तोंड उघडलं ते असं: "सुट्टीवर, म्हणजे कालच..."

"मामा, मी गेलेच नव्हते," मित्रा म्हणाली. "वरच होते. आजारी होते. आवाज ऐकू यायचे. आता गोळ्या घेते."

मामा तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्या नजरेला राग म्हणता आला असता तर मला सोपं गेलं असतं. "ताई, दोन जिने चढून आलो असतो की मी," एवढंच म्हणाले. मग फ्लेक्सकडे बघून पुटपुटले, "काढून टाकतो लगेच."

"राहू दे," मित्रा म्हणाली. "फोटो चांगला आलाय. अमेरिका तेवढी झाका."

मामांनी खरोखर शिडी लावली आणि मधल्या शब्दांवर पांढरा कागद चिकटवला. मी खाली शिडी धरून उभी होते.

शनिवारी मी त्या गृहस्थांना म्हटलं, "भाची नाही, माझी मुलगी आहे." ते गुडघे चोळायला लागले. मग म्हणाले, "आमचंबी पुतण्या न्हाई. थोरला हाय माझा." आम्ही दोघं हसलो, आणि मग दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

सगळं गोड झालं असं नाही. लोक बोलले. "न्यू जर्सीत पडदे फार लावतात का हो, बाई?" असं एकीनं वंदनेनंतर विचारलं. तो मला लागलाच पाहिजे असा टोमणा होता, लागला. पुढे मित्रानं आपल्या मनानं गोळ्या कमी केल्या आणि रिलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला. पण या वेळी पहिल्या न झोपलेल्या रात्रीनंतर सकाळीच आम्ही डॉक्टरांकडे होतो, आणि रिक्षा मामांनी आणली. आता ती दिवसाची नोकरी करते, छोट्या कंपनीत. रविवारी अभ्यासिकेत गणित शिकवते, माझ्यापेक्षा बरं. डॉक्टरांचे, मामांचे, त्या शनिवारच्या खोलीचे उपकार मी फेडू शकणार नाही. आणि लाज म्हणाल तर ती अजून आहे. औषधाच्या दुकानात गोळीचं नाव सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो. मित्रा शेजारी असली तर तेच नाव मोठ्यानं पुन्हा सांगते.

तो फ्लेक्स जयंती होऊन गेली तरी बरेच दिवस तसाच होता. मित्रा हसते आहे, हातात गुच्छ आहे, आणि खाली, कु. संघमित्रा हिचे, मग पांढरा कागद, मग हार्दिक अभिनंदन. नवीन माणसं थांबून विचारायची, अभिनंदन कशाबद्दल? सुरुवातीला मी न ऐकल्यासारखं करून पुढं जायचे. मग एकदा एका अनोळखी बाईनं विचारलं, आणि मी थांबले.

"आजारी होती," मी म्हटलं. "खाली उतरली, त्याबद्दल."