शेवाळातले कोंब

मिझोबे मास्तरांनी क्योतोजवळच्या त्या टेकडीखालच्या गावात छत्तीस वर्षं मुलांना बांबू शिकवला. बेटाचा बांबू एका जागी दाटीवाटीनं राहतो, पळता बांबू जमिनीखालून मुळं पसरून परक्याच्या अंगणात उगवतो. पळत्याचे कोंब वसंतात, बेटाचे उन्हाळा सरताना, ऑगस्टात. एवढं पाठ असलेल्या माणसाला आपल्याच कुंपणाशी लावलेला बांबू कोणता, ते सांगता येईना. शिकवायला अक्कल लागत नाही, असं ते स्वतःच म्हणत.

रोप त्यांनी बेटाचं म्हणूनच पारखून घेतलं होतं, वर रोपवाल्यालाही चार गोष्टी शिकवून आले होते. आणि चौथ्या वर्षी, एप्रिल संपता संपता, शेजारच्या किनुएबाईंच्या शेवाळात हिरवे कोंब डोकावले. मास्तरांना वाटलं, आपलाच बांबू पळता निघाला.

ते शेवाळ साधंसुधं नव्हतं. बाईंच्या नवऱ्यानं, सेकिचीनं, ते तीस वर्षं तळहाताएवढं तळहाताएवढं करत लावलं होतं. पाखरांनी उकरलं की गुडघे टेकून पुन्हा बसवायचा. तो गेल्यावर बाई रोज सकाळी चहा घेऊन त्या शेवाळासमोर बसत. कोंब वाढले तर सगळं उचकटणार, आणि त्याचं पाप कुणाच्या माथी, तर मास्तरांच्या.

सरळ कबूल करायचं सोडून हा शहाणा माणूस चोरून निस्तरायला निघाला. मंगळवारी बाई गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे जात. त्या वळणाआड गेल्या की मास्तर कुंपणावरून पलीकडे. सत्तरीतला माणूस कुंपण ओलांडताना कसा दिसतो, ते विचारू नका. मऊ तळव्याचे कापडी बूट घालून ते शेवाळावर पाय फिरवत, पायाला फुगवटा लागला की बोटभर कोंब कापत आणि शेवाळ पुन्हा दाबून बसवत. असे दोन वसंत गेले.

तिसऱ्या वसंतात कोंब दुप्पट आले. आता मूळच तोडायचं म्हणून मास्तरांनी शेवाळाच्या कडेला खणलं, मूळ हाती लागलं आणि ते त्याच्यामागे रांगत निघाले. ते आपल्या घराकडे जाणार, याची मनाची तयारी होती. मूळ गेलं उलट्या दिशेला. बाईंच्या अवजारांच्या खोलीमागे, जिथं सेकिची गेल्यापासून कुणी फिरकलं नव्हतं, तिथं मुळं पसरू नयेत म्हणून त्यानं जमिनीत पुरलेलं लाकडी पिंप फुटलं होतं आणि त्यातून काळेभोर बांबू उभे होते.

काळा बांबू पळत्यांतलाच. पहिल्या वर्षी हिरवा असतो, मग काळा पडतो. मास्तर त्याला बोटभर असतानाच कापत आले, मग तो काळा होणार कधी आणि यांना कळणार कधी? त्यांचा स्वतःचा बांबू कुंपणाशी निमूट उभा होता. त्याला कोंबही दर वर्षी ऑगस्टातच येत. जन्मात एकदा बरोबर ओळखलं, आणि नेमका तेव्हाच स्वतःवर विश्वास बसला नाही.

मास्तरांना इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. कोपरापर्यंत चिखल, हातात मुळाचा तुकडा, असे ते खोलीमागून पुढे आले, तर समोर किनुएबाई. दवाखाना बंद होता म्हणून अर्ध्यातून परतलेल्या.

"मास्तर, आमच्या ह्यांच्या शेवाळाशी काय चाललंय तुमचं?"

मास्तरांनी मुळाकडे पाहिलं. मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठांवर आलेलं गिळून टाकलं.

"वहिनी, चूक माझी. माझा बांबू पळत तुमच्याकडे आला. बेटाचा समजून लावला होता मी."

"छत्तीस वर्षं हेच शिकवलंत ना?"

"हेच."

बाई हसू लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. सेकिची गेल्यापासून मास्तरांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "एवढे शिकलेले तुम्ही, आणि ही तऱ्हा. आमचे हे शाळेत गेले नाहीत फारसे, पण त्यांच्या हातून असलं कधी झालं नसतं हो."

"नसतं झालं," मास्तर म्हणाले आणि वाकून उकरलेलं शेवाळ नीट बसवू लागले.